मृगाच्या आधीचा मुहूर्त

मोठं फळझाड मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं असेल तर ते केव्हा लावावं, याबद्दल शेतकरी, नर्सरीवाले आणि कृषी विद्यापीठं यांचं एकमत आहे. या तिघांचं एकमत व्हावं असे विषय फार नाहीत, त्यामुळे त्याला थोडा मान द्यायला हरकत नाही. सीताफळ, अंजीर अशी पानं झडणारी झाडं उघडी पडलेली असताना, नवी पालवी फुटायच्या आत हलवावीत. आंबा, फणस, चिकू, जांभूळ ही बारमाही पानांची मंडळी. त्यांना मृगाचा पाऊस होऊन जमीन भिजली की ढगाळ हवेत हलवावं. कारण सरळ आहे. झाड काढताना मुळं तुटतात आणि पानं शाबूत राहतात. पावसाळी हवेत पानांतून पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे उरलेल्या मुळांना निभावून नेता येतं. मे महिन्यात चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात तीच पानं पाणी मागत राहतात, आणि ज्यांच्याकडे मागायचं ती मुळं जुन्या खड्ड्यात राहिलेली असतात.

तरीही आपल्याकडे मोठी झाडं हलतात ती बहुतेक एप्रिल-मे महिन्यातच. याला कोणाचा दुष्टपणा कारणीभूत नाही. हंगाम झाडाला असतो तसा खड्ड्यालाही असतो. पावसाळ्यात जेसीबी चिखलात रुतते, चर पाण्यानं भरतो, मुळांभोवतीची माती ढासळते. म्हणजे जेव्हा झाड हलवणं बरं तेव्हा खणणं अशक्य, आणि जेव्हा खणणं सोपं तेव्हा झाड हलवणं वाईट. या वादात खड्ड्याचा विजय होतो, कारण ठेकेदार खड्ड्याच्या बाजूनं असतो. शिवाय माणसांचे आपले हंगाम असतातच. परीक्षा संपलेल्या असतात, परदेशातली मुलं सुटीवर आलेली असतात, मार्चअखेर होऊन नव्या वर्षाचा पैसा सुटलेला असतो, आणि कुठल्या ना कुठल्या वस्तूचा भाव एक जूनपासून वाढणार असतो.

आमच्याकडे भाव वाढणार होता लिफ्टचा.

पानशेतच्या पुरानंतर पुण्यात पूरग्रस्तांच्या ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एका प्लॉटवर पुढे आमची चार मजली इमारत झाली. लिफ्ट नाही. तेव्हा राहायला आलेले सगळे तिशीतले होते आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होते. आता तेच लोक प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबतात आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून समोरच्याशी राजकारणावर बोलतात. आमच्या इमारतीत राजकीय जाण फार वाढली त्याचं हे कारण आहे.

लिफ्ट बाहेरून लावायची ठरली. आर्किटेक्टनं चारही बाजू पाहिल्या. एका बाजूला ड्रेनेजची लाइन. दुसऱ्या बाजूला सगळ्यांची स्वयंपाकघरं. तिसऱ्या बाजूला शेजारच्या सोसायटीची भिंत, आणि त्या भिंतीवरून दोन पिढ्या चाललेला वाद. उरली चौथी बाजू. तिथे शेप्या उभा होता.

शेप्या म्हणजे आंबा. कोयीतून उगवलेला, रायवळ. कलमी आंब्यांना हापूस, केशर, पायरी अशी घराण्यांची नावं असतात. रायवळात प्रत्येक झाड स्वतंत्र, आणि त्याला नाव पडतं ते त्याच्या चवीवरून नाहीतर वासावरून. गोड असला तर साखऱ्या, खोबऱ्याची चव लागली तर खोबऱ्या. आमच्या आंब्याला पिकल्यावर शेपूचा वास येई म्हणून तो शेप्या. पिकलेला शेप्या खाणारी माणसं इमारतीत दोनच, पण कैरीचं लोणचं मात्र सोळाही घरांत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तो लावला असं सगळे म्हणतात. आजी म्हणतात, "मी कुठे लावला? मी कोय टाकली. तो आपला आपण आला."

आता पंचाईत अशी, की लिफ्टची सगळ्यांत जास्त गरज आजींनाच होती. दोन्ही गुडघे गेलेले. एरवी अशा प्रसंगी एक पक्ष पर्यावरणाचा असतो, एक विकासाचा, आणि कोणी कोणावर ओरडायचं ते आधीच ठरलेलं असतं. इथे जिचं झाड तिचीच लिफ्ट. त्यामुळे सभेत दोन्ही पक्षांना आजींचंच नाव घेऊन भांडावं लागलं, आणि आजी मधल्या खुर्चीत बसून दोन्हीकडे मान डोलवत होत्या.

पहिल्या मजल्यावरचे काका रोपवाटिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सांगली जिल्ह्यात भोसे गावाला २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड मोठा वड आला. चारशे वर्षांचा म्हणतात. लोकांनी आवाज उठवला, आणि वड नाही हलला, महामार्ग हलला. आपली लिफ्ट चार फूट हलत नाही?"

"महामार्गाला स्वयंपाकघरं नसतात," आर्किटेक्ट म्हणाला.

यावर काकांकडे उत्तर नव्हतं. मग कोणीतरी सुचवलं की झाड तोडायचंच नाही, मागच्या कोपऱ्यात हलवायचं. सभेला एकदम हलकं वाटलं. झाड मारल्याचं पाप नको आणि लिफ्ट तर हवी, या दोन्ही इच्छा एकाच ठरावात बसत होत्या. झाडं हलवण्याची कल्पना मुळात याचसाठी निघाली असावी. तिच्यात झाडाची सोय किती हा प्रश्न नंतरचा. माणसांची सोय पुरेपूर आहे.

"कृष्णानं नाही का पारिजात आणला स्वर्गातून सत्यभामेसाठी?" आजींनी दाखला दिला.

"त्याच्याकडे गरुड होता," काका म्हणाले. "आपल्याकडे हायड्रा क्रेन येणार."

पारिजाताची गोष्ट मला फार व्यवहारी वाटते. पूर्ण वाढलेलं झाड, मालकाच्या संमतीशिवाय, घाईत, बायकोच्या हट्टापायी हलवलेलं. आणि लावल्यावर लगेच कटकट सुरू: झाड सत्यभामेच्या अंगणात, फुलं पडतात रुक्मिणीच्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांमधल्या निम्म्या तक्रारी याच स्वरूपाच्या असतात. शेप्या मागच्या कोपऱ्यात जाणार म्हटल्याबरोबर तिथे गाडी लावणाऱ्या दोघांनी, झाड यायच्या आधीच, गळणाऱ्या पानांबद्दल लेखी तक्रार दिली.

त्यानंतर आला वयाचा प्रश्न. राज्यात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं. वारसा म्हटला की नियम कडक. शिवाय झाड तोडलं तर त्याचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची असाही हिशेब त्यात आला. आजवर झाडाचं वय कोणी विचारत नव्हतं आणि सांगणारे ऐटीत शंभर-दीडशे सांगत. आता वयाला किंमत आली म्हटल्यावर झाडं भराभर तरुण होऊ लागली.

सेक्रेटरी फॉर्म घेऊन आजींकडे गेले. "आजी, कोय कधी टाकली होतीत?"

"पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. पुण्यात ही तारीख लपवता येत नाही. लोक आपली लग्नं, बारशी आणि भाडेकरार तिच्या अलीकडे-पलीकडे मोजतात. सेक्रेटरींनी तरी प्रयत्न केला. "नीट आठवा आजी. पूर काय, पुण्यात येतच असतात. २०१९ ला नाही का आंबिल ओढ्याला आला?"

"अरे, २०१९ ला त्याच्या कैऱ्यांचं लोणचं तुझ्या घरी होतं. बरणी अजून परत नाही केलीस."

सेक्रेटरींनी फॉर्मवर 'वय अंदाजे ४५ वर्षे' असं लिहिलं. बरणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं जुलैमध्ये, म्हणजे अगदी हंगामात चाललं होतं. पण अर्जाला सर्व सभासदांच्या सह्या हव्यात असा सेक्रेटरींचाच आग्रह. एक सभासद न्यू जर्सीत, एक दिवंगत आणि त्यांच्या वारसांचं आपसांत कोर्टात, एक सही करायला तयार पण आधी गळक्या टाकीचं बोला म्हणणारे. सह्या पुऱ्या होऊन, कागद जाऊन, परवानगी हातात आली तेव्हा कलिंगडाच्या गाड्या लागल्या होत्या. लिफ्टवाल्यांचा आगाऊ पैसा भरलेला होता आणि भाव एक जूनला वाढणार होता. चेअरमननी पंचांग उघडून अक्षय्य तृतीया काढली. "या दिवशी लावलेलं झाड अक्षय टिकतं," असं ते म्हणाले. काका म्हणाले, "पंचांगात मृग नक्षत्रही आहे. पान उलटा."

पण काकांचं वेळापत्रक कोणाला झेपणारं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की मोठं झाड एका दिवसात हलत नाही, एका वर्षात हलतं. एका पावसाळ्यात खोडापासून ठरावीक अंतरावर अर्ध्या वर्तुळाचा चर घ्यायचा. तिथली मुळं स्वच्छ कापायची, चरात शेणखत-माती भरायची. कापलेल्या टोकांना बारीक नवी मुळं फुटतात. काही महिन्यांनी उरलेल्या अर्ध्या वर्तुळाचं तेच. मग पुढच्या मृगाला झाड उचलायचं. तोवर त्याला आपण जाणार आहोत हे कळलेलं असतं आणि नवी मुळं जवळच तयार असतात. पाणी आणि अन्न शोषतात ती ही केसासारखी मुळं, आणि मोठ्या झाडात ती खोडाजवळ नसतात. फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याच्याही पलीकडे, बहुतेक वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात. खोडाजवळ असतात ते नुसते जाडजूड खुंटे. झाड उपटणारा नेमके खुंटे घेऊन जातो आणि केस मागे ठेवतो.

"एक वर्ष?" चेअरमन म्हणाले. "लिफ्टवाला एक आठवडा थांबायला तयार नाही."

मग हुंडीचा हिशेब झाला. मुळांभोवती मातीचा जो गोळा ठेवून झाड काढतात त्याला रोपवाटिकेत हुंडी म्हणतात. रोपाची हुंडी ओंजळीत मावते. मोठ्या झाडाला ठोकताळा असा, की खोडाच्या व्यासाच्या दहापट तरी हुंडीचा व्यास हवा. शेप्याचं खोड दोन फुटांचं, म्हणजे हुंडी वीस फुटांची. काकांनी खडूनं अंगणात वर्तुळ काढलं. त्यात जिना आला, मीटरची खोली आली आणि तळमजल्यावरच्या वहिनींचं निम्मं स्वयंपाकघर आलं. साडेतीन फूट खोल धरली तर नुसत्या मातीचं वजन पन्नास टनांच्या आसपास. ठेकेदारानं वर्तुळाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाला, "सहा फुटाची घेऊ या. रायवळ हाय, चिवट असतं."

चिवट असतं हे खरं, पण ज्या मुळाच्या जोरावर ते चिवट असतं ते सोटमूळ कोयीच्या झाडात सरळ खाली गेलेलं असतं, आणि सहा फुटी हुंडीत ते पहिल्या दिवशीच तुटतं. वड, पिंपळ, उंबर हे हलवलेलं सोसतात; वडाची तर जाड फांदी रोवली तरी धरते. नारळाला सोटमूळच नसतं, झुबक्यानं मुळं असतात आणि बुंध्यातून नवी फुटत राहतात, म्हणून मोठाले नारळ आणि शोभेचे ताड ट्रकवर आडवे घालून शहरभर फिरवता येतात. नव्या इमारतींच्या दारात एका रात्रीत ताडांची रांग उभी राहते ती त्यामुळे. फणस, जांभूळ आणि आंबा मात्र या बाबतीत मानी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला होता. व्हर्सायच्या राजवाड्यात त्यानं संत्र्याची झाडं मोठ्या लाकडी पेट्यांत लावून घेतली. थंडीत त्या पेट्या आत, मे महिन्याच्या मध्याला बाहेर. आजही तसंच चालतं. जगात मे महिन्यात सुखानं हलणारी फळझाडं पाहायची तर तिथेच जावं. पण त्यांना त्यासाठी कधी जमिनीला पायच लावू दिलेला नाही.

देवगडकडचा माझा मावसभाऊ ही सगळी हकीकत फोनवर ऐकून बराच वेळ हसला. "अरे, कलम लाव नवीन. पाचव्या वर्षी आंबे खाशील. जुनं हलवलंस तर ते सावरायलाच किती वर्षं घेईल याचा विचार केलास का?" हा विचार काकांनी केलेला होता. खोडाच्या दर इंचामागे सावरायला एक वर्ष, असा एक ठोकताळा थंड देशांतले माळी सांगतात. आपल्याकडे कदाचित कमी लागेल. तरी चोवीस इंचांची चोवीस वर्षं त्यांनी आजींना सांगून टाकली.

आजींनी मनाशी बेरीज केली. "म्हणजे मी एकशे नऊची असेन. चालेल. लिफ्ट आहेच."

झाडावर अजून कैऱ्या होत्या. काकांनी सांगितलं, एकूण एक कैरी उतरवा, झाडाला आता फळं पोसायची ताकद नाही. हा त्यांचा एकमेव सल्ला जो सर्वानुमते आणि ताबडतोब अमलात आला. अडचण वाटपाची झाली. सोळा घरांत समान वाटायच्या, की फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे? मेन्टेनन्स थकवणाऱ्यांना कैरी द्यावी का? न्यू जर्सीच्या सभासदाचा वाटा कोणाकडे? दिवंगत सभासदाच्या दोन वारसांनी दोन पिशव्या आणल्या आणि एकमेकांकडे न बघता उभे राहिले. झाडाच्या भवितव्यावरची सभा पाऊण तास चालली होती. ही तीन तास चालली, आणि तिचं इतिवृत्त आमच्या संस्थेच्या इतिहासातलं सगळ्यांत नेटकं इतिवृत्त आहे.

झाड हलवताना त्याची उत्तर दिशा खोडावर खूण करून ठेवतात आणि नव्या जागी त्याच बाजूनं लावतात. नाहीतर सावलीत वाढलेली साल अचानक उन्हासमोर येऊन भाजते. काकांनी पहाटे उठून चुन्याचा पट्टा ओढला. सकाळी दूधवाल्यानं पाहिला आणि आपल्याकडे झाडावर पट्टा म्हणजे काय ते ठाऊक असल्यानं आळीभर बातमी दिली की आंबा तोडणार. नऊच्या सुमाराला फलक घेतलेली पाच-सहा तरुण मुलं फाटकात उभी होती. त्यांना समजावून चहा दिला. चार जण थांबून राहिले आणि पुढे दोरी धरायला त्यांचाच उपयोग झाला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे वास्तू जाणणारे गृहस्थ आले. जड वस्तू नैऋत्येला हवी, ती तशी जाते आहे याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं, पण चुन्याचा पट्टा आग्नेयेकडे वळवावा असं सुचवलं. काका त्या क्षणी कुऱ्हाडीला धार लावत होते, त्यामुळे सूचना पुढे रेटली गेली नाही.

हायड्रा पहाटे पाचला येणार होती. ती आधीच्या साइटवर अडकल्यामुळे अकराला आली. तोपर्यंत तीन हिस्से पानोळा छाटून झाला होता, हुंडी गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधली होती, आणि कापलेल्या मुळांच्या टोकांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावून काकांचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. ठेकेदारानं वजन दोन टन सांगितलं होतं. हायड्रानं दोर ताणला. झाड हललं नाही. हायड्राची मागची चाकं मात्र अलगद वर आली.

चालकानं खाली उतरून हुंडीला हात लावला. "कोन म्हनलं दोन टन? नुसती माती पाच टनाची हाय. वर झाड येगळं."

त्यानंतर जे झालं ते लवकर सांगून टाकतो. हुंडी चारी बाजूंनी तासली, म्हणजे सहाची साडेचार फूट झाली. एक कोपरा ढासळला. दोर खोडाला लावू नका, हुंडीला लावा, साल सोलते, असं काका ओरडत राहिले. दोर खोडालाच लागला आणि हातभर रुंदीची साल निघाली. सालीच्या आतूनच पानांनी केलेलं अन्न मुळांकडे उतरतं, तेव्हा ही जखम दिसते त्यापेक्षा महाग पडते. एकच्या ठोक्याला, सावली पायाखाली असताना, शेप्या हवेतून चाळीस फूट प्रवास करून नैऋत्येला बसला. बायकांनी ओवाळलं. चेअरमननी नारळ फोडला. पट्टा उत्तरेलाच होता; तेवढं काकांनी कोणाला करू दिलं नाही.

पुढचे दोन-तीन आठवडे शेप्याकडे जाणं म्हणजे इस्पितळात भेटायला जाणं झालं. हिरवी जाळी बांधलेली, खोडाला गोणपाट, आणि वर खरोखरच सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या; कोणा नर्सिंग होममधून रिकाम्या आणून, पाणी भरून, थेंब थेंब सोडत होते. लोक संध्याकाळी येत, जाळी बाजूला करून बघत, आवाज खाली आणून "आज कसं आहे?" विचारत. प्रत्येकाकडे औषध होतं. कोणी जीवामृत आणलं, कोणी ताक, कोणी हळद. एकानं मुळं फुटण्याची पावडर मागवली आणि ती डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौपट घातली, कारण झाड मोठं आहे. काका हात जोडून सांगत, "फक्त पाणी. आणि तेही साचू देऊ नका." इतक्या स्वस्त औषधावर कोणाचा विश्वास बसला नाही.

आणि पाऊस पडायच्या सुमाराला शेप्याला पालवी फुटली. तांबूस, लुसलुशीत, खोडावर ठिकठिकाणी. इमारतीत आनंदीआनंद. ठेकेदार त्याच दिवशी फोटो काढून बिल घेऊन आला. त्याच्या करारात 'पालवी फुटेपर्यंत हमी' असंच वाक्य होतं, आणि ते वाक्य लिहिणारा माणूस वनस्पतिशास्त्र जाणून असला पाहिजे. कारण खोडात आणि जाड मुळांत साठवलेली पिष्टाची शिदोरी असते. झाड तिच्यावर पालवी काढू शकतं. नवी मुळं धरली आहेत की नाहीत हे त्या पालवीवरून कळत नाही. हे काकांनी सत्काराच्या भाषणात सांगितलं. हो, सत्कार झाला. ठेकेदाराला शाल, काकांना श्रीफळ. काकांचं भाषण लोकांना निराशावादी वाटलं.

ज्या लिफ्टसाठी ही सगळी घाई, तिचा खड्डा तेवढ्या अवधीत खणून झाला होता. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि खड्डा भरला. पंप लावला, पुन्हा भरला. लिफ्टच्या लोकांनी कळवलं की पावसाळ्यात पायाचं काम होत नाही, दिवाळीनंतर बघू. तेव्हा अख्खा मृग, आर्द्रा, पुनर्वसू, म्हणजे झाड हलवायला लायक अशी सगळी नक्षत्रं शेप्याच्या जुन्या जागेवर पाच फूट पाणी साचवून गेली. डासांच्या अळ्या झाल्या, त्यात गप्पी मासे सोडले, लहान मुलांना करमणूक झाली. भाव एक जूनला वाढला नाही. तो दिवाळीला वाढला.

जानेवारीत शेप्या मोहरला. असा मोहर त्याच्या आयुष्यात कोणी पाहिला नव्हता. पानं कमी, मोहरच जास्त. चेअरमन हिंडून हिंडून लोकांना दाखवत होते. आजींना नव्या लिफ्टनं खाली आणलं. लोणच्याच्या बरण्या घासायला निघाल्या. काका एका बाजूला उभे होते.

"अहो, हसा की जरा," चेअरमन म्हणाले.

"हसतो," काका म्हणाले. "कोकणात हापूसला दरवर्षी मोहर यावा म्हणून कल्टार घालतात. पॅक्लोब्युट्राझॉल. ते काय करतं? वाढ रोखतं. वाढ थांबली की झाड मोहराकडे वळतं. त्याचंही प्रमाण दापोलीच्या विद्यापीठानं ठरवून दिलंय, कारण जास्त झालं तर झाड थकतं. आपण याची मुळं कापलीत, साल सोललीत, चाळीस अंशांत उघडं ठेवलंत. याला कल्टारची गरज काय? हा मोहर म्हणजे याचं मृत्युपत्र आहे. मरायच्या आधी बी टाकून जायचं म्हणतोय."

"पण मोहर तर आलाय ना?" चेअरमन म्हणाले, आणि हा मुद्दा बिनतोड होता.

मोहर गळला. वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या, त्याही गळल्या. मार्चमध्ये पानं करपली, ती मात्र गळली नाहीत, फांदीला धरून राहिली. आंबा पान सोडतो ते जिवंत असताना. मेलेल्या फांदीवरचं पान तसंच राहतं. काकांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं. त्यांनी नख पुसलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

सांगून उपयोगही नव्हता. शेप्या गेला हे म्हणणं कोणालाच परवडणारं नव्हतं. परवानगीच्या कागदात अट होती, की झाड न जगल्यास नव्या झाडांची भरपाई करायची. वय लिहिलं होतं ४५. म्हणजे पंचेचाळीस झाडं, आणि सोसायटीत मोकळी जागा दोन स्कूटरची. चेअरमनना वार्षिक अहवालात 'वृक्षसंवर्धन' हे शीर्षक टिकवायचं होतं. ठेकेदारानं पुढच्या कामांसाठी आमचं नाव दाखला म्हणून दिलं होतं. टँकरवाल्याचं महिन्याचं पाणी चालू होतं. आजींना कोणी सांगायचं हाही प्रश्न होताच, पण आजी रोज लिफ्टनं खाली येऊन त्या झाडाच्या बुंध्याशी बसत आणि त्यांना कोणी सांगायची गरज आहे असं मला तरी वाटलं नाही. एकदा त्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "टँकर बंद कर रे. त्या पैशात माझी बरणी विकत आण."

पावसाळ्यात बुंध्याशी गुळवेल उगवली. कोणी लावली ठाऊक नाही. दोन महिन्यांत ती थेट टोकापर्यंत चढली आणि बदामी आकाराच्या पानांनी शेप्या वरपासून खालपर्यंत हिरवागार झाला; लांबून पाहणाऱ्याला तो पूर्वीपेक्षाही तजेलदार वाटावा.

अशा वेळी झाडांची गणती करणारा एक मुलगा टॅब घेऊन आला. सेक्रेटरी त्याला स्वतः मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. त्याच्या अॅपमध्ये प्रश्न ठरलेले होते आणि उत्तरं दोनच, हो किंवा नाही.

"जात?"

"आंबा."

"पानं आहेत?"

सेक्रेटरींनी वर हात केला. मुलानं वर पाहिलं. पानं होती. त्यानं 'हो' दाबलं.

"फळं?"

गुळवेलीला मटारएवढी लाल फळं धरली होती. सेक्रेटरी प्रामाणिक माणूस आहेत. ते क्षणभर थांबले. "बारीक आहेत," ते म्हणाले. मुलानं 'हो' दाबलं, फोटो काढला आणि स्थिती 'उत्तम' अशी नोंद झाली.

काका मागे उभे होते. मुलगा निघाल्यावर ते पुढे झाले, खिशातून चाकू काढला आणि वेलीचा बोटाएवढा जाड वीतभर तुकडा कापून घेतला.

"तापावर चांगली," ते म्हणाले. "कडुनिंबावर चढली असती तर जास्त गुणकारी म्हणतात."

"मग?" सेक्रेटरी म्हणाले. "कडुनिंब आहे की फाटकाजवळ. हलवू या तिकडे. मे महिन्यात वेळ असतो सगळ्यांना."